‘पुराव्याअभावी’ म्हणणं थांबवा

‘पुराव्याअभावी सुटले’ हे शब्द या आठवड्यात पुन्हा छापून आले. वाचणाऱ्याच्या मनात त्यातून एकच गोष्ट बसते: केलं यांनीच, पोलिसांना सिद्ध करता आलं नाही एवढंच. 11 जुलै 2006च्या लोकल बॉम्बस्फोटांबद्दल प्रभादेवीत असं बोललं जातं आणि त्यामागचं दुःख खरं आहे. चर्चगेटहून सुटलेल्या त्या सातही गाड्या आपल्याच स्टेशनावरून, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोडवरून, पुढे गेल्या आणि माटुंगा ते मीरा रोडच्या दरम्यान त्यांत स्फोट झाले. 189 माणसं गेली. 2015 साली मकोका न्यायालयानं बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. 21 जुलै 2025ला उच्च न्यायालयानं सर्वांना निर्दोष ठरवलं. त्यांतला एक तोवर तुरुंगातच वारला होता.

निकालात काय आहे ते पाहा. साक्षीदार टॅक्सीवाले शंभराहून जास्त दिवस गप्प होते, मग त्यांना चेहरे आठवले. दिवसभर भाडी मारणाऱ्याला साडेतीन महिन्यांपूर्वीचं एक गिऱ्हाईक चेहऱ्यानिशी आठवेल का, हे आपल्या नाक्यावरच्या कुठल्याही टॅक्सीवाल्याला विचारा. ओळखपरेड ज्यानं घेतली, त्याला तेव्हा तो अधिकारच नव्हता. कबुलीजबाब छळ करून घेतल्याचं कोर्टाला दिसलं. निरनिराळ्या माणसांच्या जबाबांतले काही उतारे तर हुबेहूब एकच. बॉम्ब कुठल्या प्रकारचे, हेही सरकारपक्षाला सांगता आलं नाही. म्हणजे पुरावा आणला होता. तो विश्वास ठेवण्याजोगा नव्हता.

कोणी म्हणेल, अपील अजून सुप्रीम कोर्टात आहे. आहेच. त्या कोर्टानं या निकालाचा दाखला इतर खटल्यांत द्यायला मनाई केली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. दुसरा आक्षेप जास्त जिव्हारी लागतो: मग 189 जणांना मारलं कोणी? हा प्रश्न सुटलेल्यांना विचारून उपयोग नाही. चुकीचा माणूस पकडला की खऱ्याचा शोध त्याच दिवशी थांबतो. नाशिकजवळच्या 2003च्या हत्याकांडात भटक्या जमातीतल्या सहाही जणांना 2009 साली सुप्रीम कोर्टानंच फाशीची शिक्षा दिली होती. 5 मार्च 2019ला त्याच कोर्टानं त्यांना निर्दोष ठरवून प्रत्येकी 5 लाख भरपाई द्यायला सांगितलं. सुमारे सोळा वर्षांच्या तुरुंगवासाचे रोजचे नव्वद रुपयेसुद्धा होत नाहीत. आणि त्या रात्री वाचलेल्या साक्षीदारानं सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधले दुसऱ्याच चौघांचे फोटो दाखवले होते. त्या चौघांना कोणी पकडलंच नाही.