शंभराची काठी आणि पंधरा वर्षांचा मासा

मंडळी, आज विषय जरा वेगळा आहे. माझी पुस्तकं, सणवार आणि आठवणी वाचून कंटाळलेल्या भाचरांनी खूश व्हावं. आज मी भांडणार आहे, आणि तेही मासे गरवायच्या काठीवरून!

आधी थोडी पार्श्वभूमी. उन्हाळ्याचे तीन महिने मी मिनेसोटात लेकीकडे असते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. इथल्या गाड्यांच्या नंबरपट्टीवरच 'दहा हजार तळी' असं छापलेलं असतं. यातल्या काही तळ्यांत मस्की नावाचा मासा राहतो. पूर्ण नाव मस्केलंज, ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आलेलं. लांबट अंग, सुसरीसारखा जबडा आणि सुयांसारखे दात. शेजारच्या विस्कॉन्सिनने १९५५ साली याला राज्याचा मासा ठरवलं, आणि तिथल्या हेवर्ड गावात याचा इमारतीएवढा पुतळा आहे, त्याच्या जबड्यात उभं राहून लोक फोटो काढतात. हा मासा सहजी गळाला लागत नाही. दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एक लागतो, अशी इकडे म्हणच आहे.

माझा तेरा वर्षांचा नातू या माशाच्या नादी लागला आहे. लागू दे. आम्हीही खाडीच्या काठी बांबूच्या काठीला गरी बांधून तासन्तास बसलेल्या पोरी. पण यंदा त्याला पहिली स्वतःची काठी घ्यायला दुकानात गेलो आणि विक्रेत्याने त्याच्या हातात तीनशे डॉलरचा रॉड आणि चारशे डॉलरचं रीळ ठेवलं. वर म्हणाला, मस्कीसाठी याच्या खालचं काही घेऊच नका, पैसे पाण्यात जातील. सातशे डॉलर झाले, अजून दोरी नाही, आमिष नाही! पोराने शेजाऱ्यांची हिरवळ कापून साडेतीनशे जमवले होते. त्याचं तोंड एवढंसं झालं. जावईबापू म्हणाले, "बाकीचे मी घालतो, एकदाच काय ते चांगलं घेऊ." मी म्हटलं, "काही गरज नाही." त्यावर घरी आठवडाभर वाद चालला. जावईबापू हे वाचणार आहेत, म्हणून सगळे मुद्दे क्रमाने मांडते.

मुद्दा पहिला. महागड्या काठीवाचून मोठा मस्की येत नाही, हे इतिहासाला धरून नाही. जगातला सर्वांत मोठा म्हणून ज्याची आंतरराष्ट्रीय नोंद आहे तो साडेसदुसष्ट पौंडांचा मस्की १९४९ साली याच हेवर्डजवळच्या तळ्यात कॅल जॉन्सन यांनी धरला. (त्याच्या आकारावर वाद घालणारे आहेत, पण नोंद आहे.) मिनेसोटाचा चोपन्न पौंडांचा विक्रम १९५७ चा. तो मोडायला २०२१ चा नोव्हेंबर उजाडावा लागला, मिल लॅक्स तळ्यावर. म्हणजे चौसष्ट वर्षं! आता सांगा, १९५७ साली कार्बन तंतूंचे हलकेफुल्के रॉड होते का? ते सत्तरच्या दशकात आले. आजची विणलेली चिवट दोरी तर नव्वदच्या दशकातली. आज शंभर-सव्वाशे डॉलरला जो रॉड मिळतो, तो त्या विक्रमवीरांना मिळाला असता तर त्यांनी तो डोक्यावर घेऊन नाचवला असता.

यावर जावईबापूंचं उत्तर तयार होतं: "आई, मग बांबूच द्या की त्याला." नाही हो! इथेच तर माझा दुसरा मुद्दा आहे, आणि तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

त्या काळी मासा बोटीपाशी आणला की संपला. डोक्यात दांडकं घालत, काही जण तर चक्क गोळी घालत. आज तसं चालत नाही. मिनेसोटाच्या बहुतेक पाण्यांत चोपन्न इंचांहून लहान मस्की ठेवून घेणं बेकायदा आहे. चोपन्न इंच म्हणजे साडेचार फूट, आमच्या नातवाच्या हनुवटीएवढा मासा! त्याहून मोठा मिळाला तरी इकडचे गरवणारे तो सोडूनच देतात. चार-सव्वाचार फुटांची मादी व्हायला पंधराच्या आसपास वर्षं लागतात. मी दहावीच्या वर्गावरून ओवाळून टाकलेली मुलं पाहिली आहेत, तेवढ्या वयाचा जीव तो. तेव्हा आजची काठी मासा मारायला नको, लवकर जवळ आणून जिवंत सोडायला हवी. काठी निवडताना हा एकच प्रश्न विचारायचा, किमतीची चिठ्ठी नंतर बघायची.

या प्रश्नाने पाहिलं तर बांबू बाद, आणि घरात पडलेली लहान माशांची हलकी काठीही बाद. तिच्यावर मस्की लागला तर अर्धा तास झुंज चालते, मासा दमून अर्धमेला होतो, सोडला तरी पुढे मरण्याचा धोका. 'कशानेही चालतं' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण दुकानदाराइतकंच आहे. स्वस्त वेगळं आणि लेचंपेचं वेगळं.

मग हवं काय? साडेआठ फुटांच्या आसपास लांबीचा, 'हेवी' लिहिलेला रॉड. त्याच्या दांड्यावर किती वजनाचं आमिष फेकता येईल ते छापलेलं असतं. तीन ते आठ औंस असलं की नवशिक्याला पुरतं. लांबी कशाला? मस्कीची एक खोड आहे. तो आमिषाचा पाठलाग करत थेट बोटीपर्यंत येतो आणि तिथे थबकतो. मग रॉडचं टोक पाण्यात खुपसून आमिषाने इंग्रजी आठाचा आकडा काढत राहायचं. काठी लांब असली की वळणं मोठी पडतात आणि मासा वळून तोंड घालतो. कित्येक मस्की या आठाच्या आकड्यावरच लागतात. हा आकडा काढायला तीनशे डॉलरची काठी शंभराच्या काठीपेक्षा काय वेगळं करते? थोडी हलकी असते, हात जरा उशिरा दुखतो. तेराव्या वर्षी हात दुखत नाहीत हो, ते त्र्याहत्तराव्या वर्षी दुखतात!

आता रीळ. दुकानात बेअरिंगं किती, ओढ किती पौंडांची, असे आकडे ऐकवतात. त्यातला एकच आकडा नातवाकडून समजून घेतला आणि पटला: दात्यांचं गुणोत्तर. ५.३ ला १ म्हणजे मूठ एकदा फिरवली की दोरीचं चाक पाच पूर्णांक तीन दशांश वेळा फिरतं. सायकलच्या गिअरसारखंच आहे. मोठ्या पात्यांची आमिषं पाण्यात जड ओढतात, तिथे हे कमी गुणोत्तर बरं. चढावर हलका गिअर टाकतो तसं. झटके देत ओढायच्या आमिषांना सातच्या आसपासचं वेगवान रीळ सोयीचं. पहिल्या रिळाला मधलं किंवा कमी गुणोत्तर घ्यावं, आणि मूठ लांब असावी. ॲम्बॅसडर ६५०० जातीची गोल रिळं कितीतरी वर्षं लोक वापरत आहेत, खोलून साफ करता येतात, सुटे भाग मिळतात. तसलं रीळ शे-दीडशेत येतं, आणि जुनं पण धड मिळालं तर त्याहून कमीत.

महागड्या रिळाला माझा सरसकट विरोध नाही, हेही सांगते. इथे काही माणसं रोज गिऱ्हाइकांना घेऊन तळ्यावर जातात, पौंडापौंडाची रबरी आमिषं दिवसभर फेकतात. त्यांचं रीळ म्हणजे शेतकऱ्याचं औत. त्याने चांगलंच घ्यावं. पण उन्हाळ्यात दहा रविवार तळ्यावर जाणाऱ्या पोराला ते म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

आणि आता माझा खरा राग कशावर आहे ते सांगते. सातशे डॉलरच्या त्या यादीत विक्रेत्याने एकदाही पक्कड म्हटलं नाही. जाळं म्हटलं नाही. माशाचा जीव ज्या वस्तूंवर अवलंबून आहे त्यातली एकही नाही! काठीवर सगळे पैसे घालवून बाप-लेक तळ्यावर जातात, मासा लागतो, आणि मग तीन तोंडांचा गळ काढायला हाताशी काही नसतं. मासा बोटीत तडफडतो आणि हे मोबाइल शोधतात.

म्हणून माझी यादी उलट्या टोकाने सुरू होते. आधी मोठं, खोल, रबराचा लेप दिलेलं जाळं, म्हणजे मासा पाण्यातच राहील आणि त्याची कातडी सोलणार नाही. मग लांब नाकाची पक्कड आणि गळ कापायला छोटा बोल्ट कटर. गळ चार आण्यांचा, तो कापून टाकावा. मग दोरी: ऐंशी पौंडांची विणलेली. बारीक दोरी फेकताना गुंतली की ताडकन तुटते. माशासकट तुटली तर तो तोंडात लोखंड घेऊन फिरतो. दोरीच्या टोकाला तारेचा किंवा जाड फ्लुरोकार्बनचा लीडर हवाच, कारण ते दात नुसती दोरी सहज कापतात. एवढं झाल्यावर उरलेल्या पैशांत रॉड आणि रीळ.

गणिताच्या मास्तरांची मी शिष्या नव्हे, पण बेरीज येते. जाळं साधारण एकशेवीस, पक्कड आणि कटर चाळीस, दोरी आणि दोन लीडर पंचेचाळीस, दोन आमिषं चाळीस, रॉड एकशेदहा, रीळ एकशेतीस. झाले चारशे पंच्याऐंशी. विक्रेत्याच्या नुसत्या काठी-रिळाहून दोनशे पंधरा कमी, आणि मासा जिवंत. जाळं बोटीमागे एकच लागतं, ते जावईबापूंनी घ्यावं. म्हणजे पोराचे साडेतीनशे जवळजवळ पुरतात, आणि काठी त्याच्या घामाची होते. पंधरा डॉलर आजी घालेल.

एक वस्तू मात्र फुकट आहे आणि ती कुठल्याच दुकानात मिळत नाही: थांबण्याची अक्कल. पाणी ऐंशी अंश फॅरनहाइटच्या वर तापलं की दमलेला मस्की सोडल्यावर सावरत नाही, म्हणून जाणती मंडळी त्या दिवसांत मस्कीच्या वाटेला जात नाहीत. तसा दिवस आला की तीनशेचा रॉड आणि शंभराचा रॉड, दोन्ही भिंतीला टेकवून ठेवायचे आणि पोराने आजीशी पत्ते खेळायचे.

तेव्हा जावईबापू, तुमचं म्हणणं 'एकदाच चांगलं घेऊ' हेच होतं ना? मलाही तेच म्हणायचं आहे. फक्त चांगलं म्हणजे कोणासाठी चांगलं, एवढं आधी ठरवा. शनिवारी दुकानात जाताना मला गाडीत घ्या.