मालदीवच्या रागावर मालवणचा धंदा नको

देवबाग, तारकर्ली, वायरी, मालवण, तोंडवळी, आचरा आणि खाली भोगवे-निवतीपर्यंतचे सगळे निवास-न्याहारीवाले, होडीवाले, स्कुबावाले आणि खानावळी चालवणाऱ्या बायाबापड्यांनो,

हंगाम तोंडावर आला आहे. पाट्या रंगायला जातील, रील निघतील. त्यांत ‘मालदीववर बहिष्कार टाका, मालवणला या’ ही ओळ यंदा घालू नका, एवढं सांगायला हे लिहितो आहे. जुनी कुठे उरली असेल तर पुसून टाका.

ती ओळ आली कुठून ते आठवा. जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले. त्यांच्या फोटोंवर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी नको ते लिहिलं आणि देशभर भडका उडाला. तिघांना त्यांच्याच सरकारने निलंबित केलं, तरी राग काही उतरेना. एका बड्या प्रवास कंपनीने तर मालदीवचं बुकिंगच बंद केलं. ७ जानेवारीला सचिन तेंडुलकरने सिंधुदुर्गात साजऱ्या केलेल्या आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाची आठवण काढली, सोबत इथल्या किनाऱ्याची दृश्यं टाकली, आणि एका रात्रीत आपण मालदीवला पर्याय झालो. महिनाभर आधीच नौदल दिनामुळे सिंधुदुर्ग किल्ला घराघरांतल्या टीव्हीवर झळकला होता. आपल्याला आनंद झाला, त्यात वावगं काही नव्हतं.

रागही खोटा नव्हता. तिथले अध्यक्ष मुइझ्झू भारतविरोधी प्रचार करूनच निवडून आले होते. ज्याला जायचं नसेल त्याने जाऊ नये, पैसे त्याचे आहेत. फरकही पडला: २०२३ मध्ये मालदीवला दोन लाखांवर भारतीय गेले होते, पुढच्या वर्षी दीड लाखही गेले नाहीत. पण पाण्यावरच्या बंगलीत राहणारं ते गिऱ्हाईक देवबागच्या दोन खोल्यांत उतरायला आलं का? आणि पुढे काय झालं? ऑक्टोबर २०२४ मध्ये मुइझ्झू दिल्लीला आले. जुलै २०२५ मध्ये आपले पंतप्रधान मालेला त्यांच्या स्वातंत्र्यदिनाचे प्रमुख पाहुणे होते आणि भारताने ४,८५० कोटी रुपयांचं कर्ज देऊ केलं. दिल्ली आणि मालेचं जुळलं. त्यांच्या भांडणावर आपण दुकान मांडलं असेल तर भांडण मिटलं त्या दिवशी ते बसलं.

शेजाऱ्याशी व्यवहार तोडून काय होतं हे आपल्या मुलखाला कोणी शिकवायला नको. बांद्याच्या पलीकडे पोर्तुगीज होते तेव्हा, १९५४-५५ पासून, भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली. रेल्वे बंद, मालाची ने-आण बंद. पोर्तुगालच्या सालाझारचं सरकार मात्र लोहखनिजाच्या पैशावर हॉलंडचे बटाटे आणत राहिलं. पणजीच्या दुकानांत विलायती माल वाढला आणि सीमेवरच्या गावांत चोरटा व्यापार. हाल झाले ते दोन्हीकडे सोयरीक असलेल्या घरांचे. बहिणीच्या घरी जायलाही परवाना लागे. गोवा मोकळा झाला तो डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य आत गेल्यावर.

सगळेच बहिष्कार फुकट जातात असं नाही. टिळकांच्या काळात विलायती माल सोडताना इकडे पैसा फंडात पै-पैसा जमत होता, त्यातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. सोडण्याला करण्याची जोड होती. आपण जानेवारी २०२४ मध्ये काय उभं केलं? एक हॅशटॅग चालवला.

खरं तर त्याच मालदीवकडून घेण्यासारखं बरंच आहे. तिथे कुपा (ट्यूना) गळाने एकेक करून धरतात. आपले रापणकर आणि गिलनेटवाले इतकी वर्षं पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध ओरडताहेत, ते याहून वेगळं काय मागतात? २०१० मध्ये मालदीवने मोरीची (शार्कची) मासेमारी देशभर बंद केली. मारलेल्या मोरीपेक्षा पाण्यात फिरणारी मोरी जास्त पैसे आणते, हा त्यांचा सरळ हिशेब. (मोरीचं मटण सोडा असं मी सांगणार नाही, पहिलं बंड माझ्याच घरात होईल.)

आपण पाण्याखाली काय करतो ते बघा. किल्ल्याजवळ पाहुण्याला उतरवतात, व्हिडिओत मासे यावेत म्हणून त्याच्या तोंडापुढे पावाचा चुरा सोडतात. मासे झुंबड करतात, व्हिडिओ झकास होतो. त्या वेळी पाहुण्याचे पाय कशावर टेकलेले असतात? प्रवाळावर. एक फांदी मोडली तर ती तेवढी वाढायला वर्षं जातात, आणि रोज किती पाय टेकतात ते होडीवाल्यांनाच विचारा. चुरा बंद करा. पाय टेकू देऊ नका. पोहता न येणाऱ्याला उथळात धरून ठेवा, पण खडकावर उभा करू नका.

दुसरं, जॅकेट. होडीत जितकी जॅकेटं तितकीच माणसं. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी होडी उलटली आणि दोघे पर्यटक गेले, हे कोणी विसरलेलं नाही. तरी दिवाळीच्या गर्दीत ‘दोन माणसां जास्त घी रे, हंयच तर जावचा आसा’ हे ऐकू येतंच. घेऊ नका. माणसं जेट्टीवर थांबतील, चिडतील, पुढच्या खेपेला येतील.

आणि दारात पाटी लावायचीच असेल तर दराची लावा. खोली, होडी, स्कुबा, थाळी, सगळं त्यात येऊ दे. सुरमईचा भाव रोज बदलतो हे गिऱ्हाइकालाही कळतं, तेवढा फळ्यावर खडूने लिहा आणि लिलाव झाला की सकाळीच बदला.