नियुक्ती राजकीय, निकाल स्वतंत्र

परदेशातील एखाद्या बड्या पदाधिकाऱ्याच्या नावामागे 'भारतीय वंशाचे' हे बिरुद लागले, की आपल्याकडे अभिमानाची झुळूक येते आणि विषय तेथेच संपतो. वॉशिंग्टन येथील फेडरल जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश अमित मेहता यांच्या बाबतीत तसेच घडले. गुगलने इंटरनेट शोधसेवेतील मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवून ठेवली, असा निकाल त्यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी दिला आणि उत्तर गुजरातमधील पाटण हे त्यांचे जन्मगाव एकाएकी बातम्यांत आले. वस्तुतः मेहता यांच्या जन्मगावापेक्षा ते न्यायासनापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचले आणि तेथे बसल्यावर काय करू शकले, हे समजून घेणे अधिक उद्बोधक आहे.

बचावाच्या बाजूचा वकील

मेहता यांचा जन्म १९७१ चा. वर्षभराचे असतानाच ते आईवडिलांसमवेत अमेरिकेत गेले आणि मेरिलँड राज्यात वाढले. जॉर्जटाऊन विद्यापीठातून १९९३ मध्ये पदवी आणि व्हर्जिनिया विद्यापीठातून १९९७ मध्ये कायद्याची पदवी घेतल्यावर त्यांनी अपील न्यायालयाच्या न्यायाधीश सुझन ग्रेबर यांच्याकडे विधी साहाय्यक म्हणून काम केले. पुढे खासगी वकिली सुरू झाली. मात्र ती सोडून २००२ ते २००७ या काळात त्यांनी वॉशिंग्टनमधील सार्वजनिक बचाव सेवेत नोकरी पत्करली. वकील करण्याची ऐपत नसलेल्या आरोपींची बाजू सरकारी खर्चाने मांडणारी ही संस्था. अमेरिकेत फेडरल न्यायाधीशपदाकडे जाणारी रूढ वाट सरकारी अभियोक्त्याच्या कार्यालयातून जाते. त्या तुलनेत मेहता यांची वाट वेगळी ठरली.

राजकारणाचे दार

अमेरिकेत फेडरल न्यायाधीशाची निवड राष्ट्राध्यक्ष करतात आणि सिनेट तिच्यावर मोहोर उमटवते. जिल्हा न्यायालयाच्या बाबतीत त्या त्या राज्याच्या सिनेटरांच्या पसंतीला परंपरेने मोठे वजन असते. वॉशिंग्टन शहर कोणत्याच राज्यात मोडत नाही आणि त्याला सिनेटरही नाहीत. त्यामुळे मेहता यांचे नाव सुचविले ते या शहराच्या काँग्रेसमधील प्रतिनिधी एलिनॉर होम्स नॉर्टन यांनी. न्यायाधीश एलेन ह्युवेल यांच्या रिक्त झालेल्या जागेसाठी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी ३१ जुलै २०१४ रोजी ते सिनेटकडे पाठविले.

त्यानंतरचा घटनाक्रम तर निखळ राजकारणाचा आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने सिनेटची जुनी प्रथा मोडीत काढली होती. न्यायाधीशांच्या नावावरील चर्चा थांबविण्यासाठी ६० मते लागत. सर्वोच्च न्यायालय वगळता अन्य न्यायालयांसाठी ही अट साध्या बहुमतावर आणण्यात आली. वर्षभरातच, नोव्हेंबर २०१४ च्या निवडणुकीत, त्याच पक्षाचे सिनेटमधील बहुमत गेले. नवे सिनेट जानेवारीत अस्तित्वात येणार होते. त्याआधी जमेल तितक्या नियुक्त्या उरकण्याची घाई सुरू झाली आणि १६ डिसेंबर २०१४ रोजी मेहता यांच्या नावाला आवाजी मतदानाने संमती मिळाली. काही आठवडे उशीर झाला असता, तर या नावाचे काय झाले असते हे सांगणे अवघड आहे.

निकालांची दिशा

अशा दारातून आलेला न्यायाधीश नियुक्ती करणाऱ्या पक्षाच्या ऋणात राहील, अशी शंका कोणालाही येईल. मेहता यांचे निकाल मात्र एका सरळ रेषेत बसत नाहीत. पदावर येऊन सहा महिने होतात न होतात तोच, जून २०१५ मध्ये, त्यांनी सिस्को आणि यूएस फूड्स या अन्नपुरवठा क्षेत्रातील दोन महाकाय कंपन्यांचे विलीनीकरण रोखले. मे २०१९ मध्ये त्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्या लेखापाल कंपनीकडील कागदपत्रे प्रतिनिधिगृहाच्या समितीला देण्याच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हा प्रश्न फेरविचारासाठी परत पाठविल्यावर, २०२१ मध्ये मेहता यांनीच त्या मागणीला बरीच कात्री लावली.

गुगलचा खटलाही असाच बोलका आहे. तो ऑक्टोबर २०२० मध्ये दाखल केला ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतील न्याय खात्याने, पुढे चालविला बायडेन सरकारने आणि त्याची सुनावणी झाली ओबामांनी नेमलेल्या न्यायाधीशापुढे. निकाल कंपनीच्या विरोधात गेला. तरीही २ सप्टेंबर २०२५ रोजी उपाययोजना ठरविताना मेहता यांनी क्रोम ब्राउझर विकायला लावण्याची सरकारची मागणी फेटाळली. अनन्य करारांवर बंदी आणि स्पर्धकांना काही माहिती देण्याचे बंधन, इतक्यावरच त्यांनी समाधान मानले. सरकारी वकिलांना हे अपुरे वाटले. मात्र दोन्ही आदेशांत न्यायाधीशाने कोणाच्या मर्जीकडे पाहिले असे म्हणता येत नाही.

या स्वातंत्र्याचे मूळ तहहयात नेमणुकीत आहे. फेडरल न्यायाधीशाला निवृत्तीचे वय नाही, पदावर असेतो वेतनात कपात नाही आणि महाभियोगाखेरीज त्याला दूर करता येत नाही. दोन शतकांहून अधिक काळात प्रतिनिधिगृहाने अवघ्या १५ न्यायाधीशांवर महाभियोग आणला आणि त्यांतील आठ जणांनाच सिनेटने पदच्युत केले.

न्यायासनाची मर्यादा

अर्थात, या स्वातंत्र्यालाही कुंपण आहे. ६ जानेवारी २०२१ रोजी संसदभवनावर झालेल्या हल्ल्यातील 'ओथ कीपर्स' या संघटनेचा म्होरक्या स्टुअर्ट ऱ्होड्स याला मेहता यांनी मे २०२३ मध्ये १८ वर्षांची शिक्षा सुनावली. २० जानेवारी २०२५ रोजी पुन्हा सत्तेवर येताच ट्रम्प यांनी ती कमी केली आणि ऱ्होड्स तुरुंगाबाहेर आला. त्याने व त्याच्या साथीदारांनी परवानगीविना वॉशिंग्टनमध्ये येऊ नये, असा आदेश मेहता यांनी दिला, पण न्याय खात्याने आक्षेप घेतल्यावर काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. न्यायाधीशाला हटविता येत नसले, तरी त्याने दिलेली शिक्षा एका स्वाक्षरीने पुसता येते.

आपल्याकडे चित्र नेमके उलटे आहे. १९९३ च्या निकालापासून उच्च न्यायव्यवस्थेतील निवड न्यायाधीशांच्याच कॉलेजियमकडे आहे. तिला पर्याय म्हणून आलेला राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये रद्द ठरविला. राजकारण्यांना या निवडीपासून दूर ठेवण्यामागचा हेतू रास्तच आहे. परंतु शिफारस झालेली नावे सरकारकडे पडून राहतात, म्हणजे राजकारण मागच्या दाराने शिरतेच. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ व्या आणि सर्वोच्च न्यायालयाचे ६५ व्या वर्षी निवृत्त होतात. त्यानंतरच्या सरकारी नेमणुकीची आशा मनात असेल काय, ही शंका नागरिकाच्या मनातून जात नाही.

अमेरिकेची पद्धत जशीच्या तशी उचलावी, असा याचा अर्थ नव्हे. त्या पद्धतीची पक्षीय घसरण मेहता यांच्याच नियुक्तीत दिसते. पण तेथे उमेदवाराची उघड सुनावणी होते, त्याची पूर्वीची कारकीर्द सर्वांसमोर मांडली जाते आणि एकदा निवड झाली की त्याला कोणाकडूनही काही मिळवायचे उरत नाही. आपल्या व्यवस्थेने न्यायाधीशाला राजकारणाच्या दारापासून दूर ठेवले, पण दार उघडताना काय घडते हे नागरिकाला दिसू दिले नाही. मेहता यांच्या जन्मगावाचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. त्यासोबत हा प्रश्नही आपण आपल्याला विचारायला हवा.