बोलोन्यातला एक दिवस



निकालाचे दिवस आले की पालकसभेत परदेशी शिक्षणाचा विषय निघतो आणि दोन वाक्यांत संपतो. अब्बा म्हणतात, "सर, एवढा पैसा कुठून आणायचा?" अम्मी म्हणतात, "तिथे नमाज, खाणंपिणं कसं सांभाळेल?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हणून या महिन्यात आम्ही एकच शहर घेतो, इटलीतले बोलोन्या. समजा, पुसदची किंवा दिग्रसची एखादी मुलगी बीएस्सी करून तिथे एमएस्सीला गेली. डिसेंबर महिन्यातला तिचा एक दिवस कसा जाईल, ते पाहू.

बोलोन्याचे विद्यापीठ १०८८ सालचे मानले जाते. युरोपातले ते सर्वांत जुने विद्यापीठ. सुरुवातीला तिथे विद्यार्थीच शिक्षकांना नेमत आणि शिक्षक उशिरा आला तर त्याला दंड लावत. आमच्या शिक्षकबांधवांनी हे जरा लक्षात ठेवावे!

डिसेंबरात तिथे सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो. त्यामुळे साडेसहाला उठूनही फजर आरामात मिळते. त्या वेळी यवतमाळात अकरा वाजलेले असतात. अम्मीचे सकाळचे काम उरकलेले असते, दोन मिनिटे फोनवर बोलणे होते. मग चहा करायचा, डबा भरायचा आणि निघायचे. हे सगळे स्वतःच. हाक मारून उठवणारे कुणी नाही.

रस्त्याने चालताना डोक्यावर छप्पर असते. या शहरात इमारतींना लागून कमानींचे व्हरांडे आहेत, सगळे मिळून सुमारे ६२ किलोमीटर. पाऊस असो वा बर्फ, माणूस फारसा न भिजता वर्गापर्यंत पोचतो. २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

नऊचा तास सव्वानऊला सुरू होतो, ही तिथली जुनी रीत. एमएस्सीचे बरेच अभ्यासक्रम इंग्रजीतून आहेत. आमच्या मुलांना खरी अडचण येते ती परीक्षेत. तिथल्या अनेक परीक्षा तोंडी असतात. प्राध्यापकासमोर बसायचे, तो विचारेल ते समजावून सांगायचे. गुण तीसपैकी, पास व्हायला अठरा. मिळालेले गुण पटले नाहीत तर विद्यार्थी ते नाकारून पुन्हा परीक्षेला बसू शकतो. गाइडमधली उत्तरे पाठ करून बारावीत नव्वद टक्के मिळवलेले मूल इथे गप्प बसते. उर्दू शाळेतले असो की मराठी, बोलायची सवय आम्ही वर्गात किती लावतो, हा प्रश्न आम्हा शिक्षकांनाच आहे.

दुपारी जेवण. बोलोन्या खाण्यासाठी प्रसिद्ध, पण तिथल्या नावाजलेल्या पदार्थांत डुकराचे मांस बरेच असते. सॉसमध्ये, सूपमध्येही ते निघू शकते. म्हणून इटालियनमधला पहिला शब्द शिकायचा तो 'मायाले', म्हणजे डुक्कर. विचारायला लाज नको. तिथले लोक नीट सांगतात. पाकिस्तानी, बांगलादेशी आणि मोरोक्कन लोकांची हलाल मांसाची दुकाने शहरात आहेत. तरीही वरण-भात आणि अंड्याची भुर्जी करता येणारे मूल जास्त सुखात राहते.

आता नमाज. डिसेंबरात जोहरचा वक्त सव्वाबाराच्या सुमारास सुरू होतो आणि मगरिब साडेचारनंतर लगेच. असर त्याच्या मध्ये. म्हणजे तीन नमाजा साडेचार-पाच तासांत, तेही कॉलेजच्या वेळेत. रिकामी खोली शोधणे, दोन तासांमधली सुट्टी ओळखणे हे आधीच ठरवावे लागते. जूनमध्ये उलटे होते. मगरिबच रात्री नऊनंतर येते. इटलीत रोमची मोठी मशीद १९९५ मध्ये सुरू झाली, पण बहुतेक ठिकाणी जुमा मिनार नसलेल्या साध्या इमारतीत होतो. वक्ताची पाबंदी घरातून घेऊन गेलेल्या मुलाला हे जड जात नाही. इथे अजान झाल्यावरही मोबाइल खाली न ठेवणाऱ्याला तिथे अजान ऐकवणारेही कुणी नाही.

संध्याकाळी वाचनालय. इथे आपल्या मुलीने मान वर करून बघावे असे बरेच आहे. इब्ने सीनांच्या 'कानून' या वैद्यकग्रंथाचे बाराव्या शतकात लॅटिन भाषांतर झाले आणि पुढे कित्येक शतके युरोपातल्या वैद्यकशाळांत, बोलोन्यातही, तो शिकवला गेला. त्याच ग्रंथाची पंधराव्या शतकातली सचित्र हिब्रू प्रत आजही बोलोन्याच्या विद्यापीठ वाचनालयात आहे. मुसलमानाने अरबीत लिहिले, यहुद्यांनी आणि ईसाईंनी अभ्यासले. इल्म असाच फिरतो. आणि याच विद्यापीठाने १७३२ मध्ये लॉरा बास्सी या तरुण बाईंना पदवी देऊन शिकवण्याची जागा दिली. पुढे १७७६ मध्ये त्या प्रायोगिक भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

आता अब्बांचा प्रश्न. इटलीतल्या सरकारी विद्यापीठांची फी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते. कमी उत्पन्न असेल तर ती बरीच कमी होते, माफही होऊ शकते. शिवाय तिथल्या प्रांतांकडून शिष्यवृत्ती मिळते. बोलोन्याच्या भागात हे काम 'एर्गो' ही संस्था पाहते. व्याजाच्या कर्जापासून दूर राहू इच्छिणाऱ्या घरांसाठी ही मोठी गोष्ट आहे. अल्पसंख्याकांसाठीची केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाल्यावर तर अधिकच.

पण सावध राहा. शिष्यवृत्तीची हमी कुणी देऊ शकत नाही. ती मिळाली तरी पहिल्या दिवशी हातात येत नाही. पहिल्या वर्षी ठरलेल्या तारखेपर्यंत ठरावीक क्रेडिट मिळवले नाहीत, तर ती परत करावी लागू शकते. व्हिसासाठी वर्षाला सहा हजार युरोंच्या वर रक्कम दाखवावी लागते. बोलोन्यात खोली मिळणे कठीण आणि भाडे भारी. काम करायला आठवड्याला वीस तासांचीच मुभा. म्हणून "शिष्यवृत्ती पक्की आहे" असे सांगणाऱ्या एजंटाच्या शब्दावर वावर विकू नका, सावकाराकडे जाऊ नका. कापसाच्या भरवशावर आपल्या जिल्ह्याने किती कर्ज पाहिले, हे सांगायला नको. अर्ज स्वतः भरता येतो. मूल तो भरू शकत नसेल, तर तिथल्या पोस्टात जाऊन आठ कामकाजी दिवसांच्या आत राहण्याच्या परवान्याचा अर्ज कसा देईल?

तयारी दहावीपासून घरात होते. मुलाला, मुलीइतकेच, स्वयंपाकघरात उभे करा. बँकेत, तहसीलमध्ये त्याला एकट्याने पाठवा. जेवताना रोज एक प्रश्न विचारा आणि उत्तर पूर्ण वाक्यात ऐका.

आणि एक काम याच आठवड्यात करा. दाखला, मार्कशीट, आधार, पासपोर्ट समोर ठेवा. एकावर 'शेख'चे इंग्रजी स्पेलिंग एक, दुसऱ्यावर दुसरे, तिसऱ्यावर वडिलांचे नाव आधी आणि स्वतःचे नंतर, असे आमच्या घरांत सर्रास असते. इथे ते चालून जाते, परदेशी विद्यापीठाच्या टेबलावर अडते. नाव सगळीकडे एकसारखे करून घ्या. मूल बोलोन्याला गेले नाही, अमरावतीला गेले, तरी हे काम वाया जाणार नाही.