सौद्याचे दिवस वेगळे, गर्दीचे दिवस वेगळे

जपानमध्ये दरवर्षी सप्टेंबर महिन्यात व्हिडिओ गेमचा एक मोठा व्यापारी मेळा भरतो. ‘टोकियो गेम शो’ हे त्याचे नाव. नाव टोकियोचे असले तरी तो भरतो शेजारच्या चिबा शहरात, माकुहारी मेस्से नावाच्या प्रदर्शन संकुलात. १९९६ साली सुरू झालेल्या या मेळ्याला २०१८ मध्ये जवळजवळ तीन लाख लोकांनी भेट दिली. कोरोनाच्या काळात तो इंटरनेटवर भरवावा लागला. पुढे गर्दी परतली आणि २०२४ मध्ये चार दिवसांत पावणेतीन लाखांच्या घरात लोक येऊन गेले.

घुग्घुसच्या वेल्डिंगवाल्याला, लेथवाल्याला, ताडपत्री शिवणाऱ्याला किंवा मोबाईल दुरुस्त करणाऱ्याला या मेळ्याशी काय देणेघेणे, असा प्रश्न आमचे व्यापारी बंधू विचारतील. प्रश्न रास्त आहे. आपल्याला त्या खेळांशी कर्तव्य नाही. मेळा भरविण्याची त्यांची जी रीत आहे, तिच्याशी मात्र आहे.

ती रीत अशी. मेळ्याचे पहिले दोन दिवस फक्त धंद्याचे. त्या दिवशी आम जनतेला प्रवेश नाही. ज्यांचा या व्यवसायाशी संबंध आहे त्यांनी आधी नाव नोंदवायचे आणि मगच आत यायचे. कोणी कोणाला कधी भेटायचे, याच्या वेळाही बऱ्याच अंशी अगोदर ठरलेल्या असतात. माल बनविणारा, तो दुसऱ्या देशात नेऊन विकणारा, भांडवल लावणारा आणि वर्तमानपत्रवाला असे सारे टेबलावर समोरासमोर बसतात. नमुना पाहतात, भाव बोलतात, शर्ती ठरवतात. त्यानंतरचे दिवस जनतेचे. तेव्हा तिकीट काढून तरुण पोरे रांगा लावतात, आईबाप लहान मुलांना घेऊन येतात, गाणीबजावणी होते. सौदा आणि तमाशा दोन्ही एकाच छताखाली, पण वेगवेगळ्या दिवशी.

आता आपल्याकडची प्रदर्शने आठवा. पहिल्या दिवशी उद्घाटन, भाषणे, हारतुरे. मग ध्वनिक्षेपक सुरू होतो तो रात्री बंद होईपर्यंत. एका बाजूला पाळणे, दुसऱ्या बाजूला भजी आणि आईस्क्रीम, मधल्या रांगेत आपला कारागीर. दिवसभर लोक येतात, वस्तू हातात घेतात, भाव विचारतात आणि पुढे जातात. पाच-दहा नग खपतात. एखाद्या कारखान्याचा खरेदी अधिकारी संध्याकाळी चुकून त्या रांगेत आलाच, तर त्या गोंगाटात तो काय विचारणार आणि कारागीर काय सांगणार? शेवटच्या दिवशी गाळ्याचे भाडे, मंडपाचे पैसे आणि टेम्पोचा खर्च वजा जाता हाती काय उरते, हे ज्याने गाळा लावला त्याला ठाऊक आहे. सुटी विक्री जत्रेत आणि उरुसातही होते. घाऊक कामाला शांत जागा, मोकळा वेळ आणि समोर ऑर्डर देण्याचा अधिकार असलेला माणूस लागतो. या तीन गोष्टी आपल्या प्रदर्शनात क्वचितच एकत्र येतात.

जपानच्या ज्या कंपन्यांची नावे आज जगभर घेतली जातात, त्या जन्मापासून मोठ्या नव्हत्या. निन्टेंडोची सुरुवात १८८९ साली क्योटो शहरात पत्ते बनविण्याच्या कामातून झाली. कोनामी १९६९ मध्ये ओसाका भागात नाणे टाकून गाणी वाजवणारी यंत्रे भाड्याने देणे आणि दुरुस्त करणे या धंद्यातून उभी राहिली. पॅक-मॅन हा खेळ १९८० साली काढणाऱ्या नामको कंपनीचे संस्थापक मासाया नाकामुरा हे बंदुका दुरुस्त करणाऱ्याचे चिरंजीव. १९५५ मध्ये त्यांनी योकोहामातील एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर मुलांना बसण्यासाठी दोन यांत्रिक घोडे लावले आणि तेथून धंदा वाढवला. म्हणजे पत्ते छापणारा, यंत्रे दुरुस्त करणारा आणि गच्चीवर घोडे लावणारा, असे हे लोक आपल्यासारखेच हाताने काम करणारे होते.

मेळा मोठा झाल्यावरही तेथे लहान कारागिराची आठवण ठेवली जाते, हे विशेष. मोठ्या कंपन्या भव्य गाळे विकत घेतात. पण दोन-चार माणसांनी मिळून बनविलेल्या खेळांसाठी वेगळा भाग असतो. अलीकडच्या वर्षांत अशा सुमारे ८० खेळांची निवड करून त्यांना भाडे न घेता जागा दिली जाते. अगदी नव्या कल्पनांसाठी २००८ पासून एक स्वतंत्र कार्यक्रमही घेतला जातो. गंमत अशी की निन्टेंडोसारखी बलाढ्य कंपनी या मेळ्यात सहसा स्वतःचा गाळा लावतच नाही. तिला मेळ्याची गरज नाही. गरज असते ती लहान माणसाला, ज्याचे नाव अजून कोणी ऐकलेले नाही.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेचे घ्या. लॉस एंजेलिस येथे १९९५ पासून ‘ई-थ्री’ नावाचा असाच मेळा भरत असे. बरीच वर्षे तो धंद्यातल्या लोकांपुरताच होता, २०१७ मध्ये त्याची दारे जनतेला उघडली. पुढे मोठ्या कंपन्या एकेक करून बाजूला झाल्या आणि आपल्या मालाची जाहिरात इंटरनेटवरून स्वतःच करू लागल्या. डिसेंबर २०२३ मध्ये तो मेळा कायमचा बंद झाल्याचे जाहीर झाले. जो बाजार चार-दोन बड्यांच्या खांद्यावर उभा असतो, तो ते खांदे काढताच कोसळतो. ज्याला शेकडो लहान दुकानदारांचा आधार असतो, तो टिकतो. आपला आठवडी बाजार पिढ्यान्‌पिढ्या का टिकला, याचेही उत्तर यातच आहे.

काही बुजुर्ग म्हणतील, खेळाचा धंदा म्हणजे पोरांची बरबादी, त्याचे गोडवे कशाला? मोबाईलवर पैसे लावून खेळण्यात कित्येक घरांची कमाई गेली, हे खरेच आहे. म्हणूनच ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे खेळ त्यातून वेगळे ठेवले. शिवाय खेळत बसणे वेगळे आणि खेळ बनविणे वेगळे. पुण्यातील एका लहान चमूने ‘राजी’ नावाचा खेळ २०२० मध्ये बाजारात आणला. त्यात पहाडी चित्रशैली आणि राजस्थानी वास्तुकलेचा वापर केला आणि तो परदेशातही विकला. जुने हुन्नर नव्या मालात कसे उतरवावे, याचा तो एक नमुना आहे.

आता आपल्या गावाकडे वळू. घुग्घुसचा बाजार कशावर चालतो? वेकोलिच्या कोळसा खाणी, सिमेंटचा कारखाना आणि लॉयड्स मेटल्सचा स्पंज आयर्नचा कारखाना यांवर. पगार झाला की कापड दुकानात गर्दी, ट्रक चालू असले की गॅरेज आणि टायरवाले चालू. खाणीतील कोळसा एक ना एक दिवस संपणार आहे. तेव्हा ज्याचा धंदा फक्त रस्त्यावरच्या गिऱ्हाइकावर अवलंबून आहे, त्याचे काय? हाती कंपनीचे थेट काम असलेला कारागीर एका खाणीकडून दुसऱ्या खाणीकडे, एका कारखान्याकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. आज मात्र बरेच काम पेटी कंत्राटदाराच्या हातून खाली येते आणि येता येता मजुरी झिजते.

कायदा याबाबत आपल्या बाजूचा आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार सरकारी कंपन्यांनी आपल्या वार्षिक खरेदीचा ठरावीक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा आहे. आधी तो २० टक्के होता, २०१८ मध्ये २५ टक्के झाला. वेकोलि ही कोल इंडियाची कंपनी, म्हणजे तिलाही हे बंधन आहे. अशा उद्योगांना टेंडरचे कागद मोफत मिळतात आणि अनामत रकमेतून सूट असते. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी हवी. १ जुलै २०२० पासून ती आधार कार्डावर, एक पैसाही न देता होते. नोंदणी असलेल्या लहान पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांच्या आत चुकते करण्याचे बंधनही २००६ च्या कायद्याने घातले आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याची नोंदणी २०२१ पासून होत असली, तरी तिचा उपयोग बँकेच्या कर्जापुरता आहे. खरेदीतील राखीव हिस्सा माल बनविणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे.

मग अडते कोठे? ओळखीवर अडते. खरेदी अधिकाऱ्याला ठाऊक नाही की गावातच मोटर वाइंडिंग, गिअरची दुरुस्ती, गणवेशाची शिलाई किंवा ताडपत्रीचे काम चोख होते. कारागिराला ठाऊक नाही की कोणत्या टेबलावर अर्ज द्यायचा. मार्च २०२४ मध्ये चंद्रपुरात ‘अ‍ॅडव्हांटेज चंद्रपूर’ नावाचा मोठा औद्योगिक मेळावा झाला. असे मेळावे व्हावेत, गुंतवणूक यावी. पण त्याच्या जोडीला लहान माणसाचा सौद्याचा दिवसही हवा.

आमची सूचना साधी आहे. घुग्घुस नगर परिषद, गावातील व्यापारी मंडळी आणि चंद्रपूरचे जिल्हा उद्योग केंद्र यांनी मिळून वर्षातून एकदा दोन दिवसांचा मेळा भरवावा. पहिला दिवस फक्त सौद्याचा. ध्वनिक्षेपक नाही, पाळणे नाहीत, भाषणेही नाहीत. वेकोलि आणि कारखान्यांच्या खरेदी विभागांना आगाऊ पत्र द्यावे आणि कोण कोणाला किती वाजता भेटणार याची यादी आधीच लावावी. नव्याने धंद्यात आलेल्या काही कारागिरांना भाड्याशिवाय टेबल द्यावे. दुसरा दिवस जनतेचा, त्या दिवशी हवी तेवढी रौनक करावी. नागपूरचे केंद्र सरकारी एमएसएमई कार्यालय सरकारी कंपन्या आणि लहान उद्योजकांच्या भेटी घडवून आणते, त्यांनाही बोलवावे.

मात्र बोलावणाऱ्यांनी बोलावले आणि आपण रिकाम्या हाताने गेलो, तर दोष दुसऱ्या कोणाचा नाही. सौद्याच्या टेबलावर बसायचे तर उद्यम नोंदणीचा कागद सोबत हवा. कामाचा नमुना हवा, तो चांगलाच हवा. महिन्याला किती नग देऊ शकतो, याचे खरे उत्तर तयार हवे. तोंडी सांगितलेला भाव पुरेसा नाही, दरपत्रक छापलेले हवे. एकट्याला काम झेपत नसेल तर दोन-तीन दुकानदारांनी मिळून घ्यावे, पण दिलेली तारीख चुकवू नये. आपल्याकडे हुन्नराची कमी कधीच नव्हती, कमी आहे ती कागदाची आणि वेळेच्या शिस्तीची.

ज्याच्या हाती हुन्नर आहे त्याने फक्त गर्दीच्या दिवसाची वाट पाहत बसू नये. सौद्याचा दिवस मागावा, नगर परिषदेकडे लेखी मागावा, आणि तो मिळेपर्यंत आपली नोंदणी, नमुना आणि दरपत्रक तयार ठेवावे.