वेग मोजला, पण मुलगा ओळखला का?

गेल्या सत्रात एका शनिवारी रात्री आमच्या सभागृहात ‘मिलियन डॉलर आर्म’ हा २०१४ सालचा चित्रपट दाखवला. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू. बेसबॉल त्यांनी कधी हातात धरला नव्हता. २००८ साली चेंडू वेगाने फेकण्याच्या एका टीव्ही स्पर्धेत हजारो मुलांतून ते पुढे आले आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्यांच्याशी करार केला. चित्रपट साधारण तिथेच संपतो. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि लाइट्स आउटच्या आधी डॉर्मिटरीत पळालो. मला मात्र पुढे काय झाले ते हवे होते. रविवारी लायब्ररीत बसून वाचले आणि त्यातून जे मत तयार झाले, ते इथे मांडतो.

करार झाला म्हणजे मोठ्या संघात जागा मिळाली असे नाही. आधी मायनर लीगच्या पायऱ्या असतात: रुकी, सिंगल-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. त्यानंतर मेजर लीग. एनडीएची लेखी परीक्षा पास होणे म्हणजे खांद्यावर स्टार लागणे नव्हे, तसेच हे. या पायऱ्यांवरच्या मुलांना पाहायला संघांचे पारखी गावोगाव फिरतात. त्यांना स्काउट म्हणतात.

बेसबॉलमधल्या गोलंदाजाला पिचर म्हणतात. तो सुमारे साडेअठरा मीटरवरून, टप्पा न पाडता, १७ इंच रुंद प्लेटवरून चेंडू टाकतो. स्काउट त्याच्या वेगवान चेंडूला, वळणाऱ्या चेंडूला, फसव्या संथ चेंडूला आणि नियंत्रणाला वेगवेगळे गुण देतो. गुण २० ते ८० मध्ये असतात आणि ५० म्हणजे मेजर लीगमधली सरासरी. मला सर्वांत आवडले ते पुढचे. एकेका कौशल्याला दोन आकडे दिले जातात. एक आजचा, दुसरा हा मुलगा पुढे कुठवर जाईल याचा. पहिला आकडा पाहून देता येतो. खरी पारख दुसऱ्याची.

ही पारख किती अवघड आहे हे स्टीव्ह डाल्कोव्स्कीकडे पाहून कळते. १९५७ ते १९६५ या काळात तो मायनर लीगमध्ये खेळला. त्याच्याइतका वेगवान पिचर पाहिला नाही असे सांगणारे खूप होते. १९५८ साली त्याचा वेग मोजायला त्याला अ‍ॅबरडीन प्रूव्हिंग ग्राउंड या अमेरिकी लष्कराच्या चाचणी केंद्रावर नेले. जिथे तोफगोळे मोजतात तिथे चेंडू मोजला! पण चेंडू यंत्राच्या चौकटीतून जायलाच बराच वेळ लागला. अखेर आकडा आला ताशी ९३.५ मैल, म्हणजे सुमारे १५० किलोमीटर.

चौकट सापडत नव्हती, हीच त्याची खरी अडचण होती. १९६० च्या मोसमात त्याने १७० इनिंग्जमध्ये २६२ फलंदाज स्ट्राइकआउट केले आणि बरोबर २६२ जणांना वॉक दिला, म्हणजे स्वैर चेंडू टाकून फुकट पहिला बेस दिला. १९६२ साली अर्ल वीव्हर हा त्याचा मॅनेजर होता. त्याने वेगाचा हट्ट कमी करून चेंडू प्लेटवर टाकायला सांगितले. त्या वर्षी १६० इनिंग्जमध्ये वॉक ११४ वर आले. पुढच्याच वर्षी कोपर दुखावले आणि मेजर लीगचा सामना त्याच्या नशिबी आला नाही. आधीची पाच वर्षे सगळे त्याचा वेगच पाहत राहिले नसते तर काय झाले असते, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

याच्या उलट मार्क बर्ली. १९९८ च्या निवडीत त्याचा नंबर ३८ व्या फेरीत लागला. त्याच्या आधी हजाराहून जास्त मुलांची नावे पुकारली गेली होती. वेग बेताचा. पण चेंडू हवा तिथे पडायचा. तो मेजर लीगमध्ये २१४ सामने जिंकला आणि २००९ साली त्याने एकाही फलंदाजाला बेसवर न जाऊ देता पूर्ण सामना काढला.

आता रिंकू आणि दिनेश. २००९ च्या पहिल्या मोसमात दिनेशची सरासरी १.४२ होती आणि रिंकूची ५.८४. ही दर नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावांची सरासरी, म्हणजे कमी तितकी चांगली. त्या दिवशी मला विचारले असते तर मी डोळे मिटून दिनेशचे नाव सांगितले असते. पण ते आकडे मोजक्याच सामन्यांचे होते. दिनेशला संघाने २०१० मध्येच सोडले. रिंकू सिंगल-एपर्यंत चढला, मग दुखापतींनी त्याला रोखले आणि २०१८ साली तो व्यावसायिक कुस्तीत गेला. मेजर लीग दोघांनाही मिळाली नाही. तरी मी त्यांना अपयशी म्हणणार नाही. विशीच्या आसपास नवा खेळ, नवी भाषा आणि नवा देश शिकणे हे कोणत्या रडार गनवर दिसते?

हे सगळे मला इतके का लागले ते सांगतो. यंदा आंतर-हाऊस क्रिकेटसाठी ज्युनियर गटाचा संघ निवडायचे काम माझ्याकडे होते. एका जागेसाठी आठवीचे दोन गोलंदाज होते. मी दोघांना सहा-सहा चेंडू टाकायला लावले आणि जो वेगवान होता त्याला घेतले. दहा मिनिटांत काम संपले. सामन्यात त्याच्या पहिल्याच षटकात पाच वाइड गेले. दुसरा मुलगा सीमेबाहेर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा होता. सामना आम्ही हरलो, त्याचे फार वाटले नाही. पण रात्री मेसमधून परतताना तो मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “सर, मी काय सुधारू?” माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण मी त्याला नीट पाहिलेच नव्हते. “मेहनत कर,” एवढे म्हणून मी पुढे गेलो. ते उत्तर नव्हते, हे त्यालाही कळले असणार.

कोणी म्हणेल, मग आकडे नकोतच का? माझे मत तसे नाही. आकडा नसेल तर ओळख, गाव आणि आवडनिवड मधे येते. रडार गनला कोणाचे वडील कोण आहेत हे ठाऊक नसते. माझे वडील सुभेदार आहेत. गुणवत्ता यादी नसती तर मी या शाळेत नसतो. आकडा प्रामाणिक असतो, पण तो फक्त त्या दिवसाबद्दल बोलतो. त्यावरून मुलाचे पुढचे सगळे ठरवतो ते आपण.

म्हणून निवड करणाऱ्या आम्हा सीनियर्सना माझे सांगणे आहे की एका दिवसात संघ निवडू नका, निदान तीन वेळा पाहा आणि त्यातली एक वेळ मुलाचा दिवस वाईट गेल्यानंतरची असू द्या. ज्याला वगळाल त्याला कारण सांगा. इन्स्ट्रक्टर सरांना विनंती आहे की प्रगतिपुस्तकात आजच्या गुणांसोबत पुढच्या वाटचालीबद्दल एखादी ओळ लिहावी. आईबाबा, रविवारच्या फोनवर ‘किती मिळाले?’ विचाराच, पण त्यानंतर ‘मागच्या वेळेपेक्षा काय जमायला लागले?’ हेही विचारा.

आणि आठवीतल्या त्या गोलंदाजासाठी: तुझे उत्तर माझ्याकडे अजून बाकी आहे. गेले तीन आठवडे गेम्सच्या वेळेत मी नेटमागे उभा राहून तुला पाहतो आहे. तुझा चेंडू टप्प्यावर पडतो, पण शेवटच्या दोन पावलांत तू थांबतोस. उद्यापासून त्यावर काम करू.