जप्त शस्त्रांचा वार्षिक हिशेब जाहीर करा



‘गावठी कट्टा व जिवंत काडतुसे जप्त’ ही बातमी जालना जिल्ह्यात अधूनमधून वाचायला मिळते. सापळा रचला जातो, पंचनामा होतो, हत्यार कायद्याच्या कलम 3/25 खाली गुन्हा दाखल होतो. त्याबद्दल पोलिसांचे अभिनंदनच करायला हवे. बदनापूर जालना–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर आहे, समृद्धी महामार्गही आमच्या तालुक्यातून जातो. अशा ठिकाणी दक्ष पोलीस हवेतच. पण मुद्देमाल खोलीत गेलेल्या त्या हत्याराचे पुढे काय झाले, हे गावाला कधी कळत नाही. म्हणून एकच मागणी आहे : जप्त, जमा व परत केलेल्या शस्त्रांचा हिशेब जिल्हा पोलिसांनी दरवर्षी जाहीर करावा.

गावठी कट्ट्यावर नंबर नसतो, म्हणून माग लागत नाही, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. कट्टा भट्टीत घडतो, पण काडतूस बहुधा कारखान्यातले असते. त्याच्या बुडाशी पाहिले तर अनेकदा ‘के.एफ.’ ही अक्षरे आणि ‘7.65’सारखा आकडा ठसवलेला दिसतो. ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण. म्हणजे ते काडतूस कायदेशीर मार्गाने तयार झाले आणि वाटेत कुठेतरी बेकायदा हातांत गेले. विक्रेत्याचे रजिस्टर असते, परवान्यावर खरेदीची नोंद असते. मग गळती कुठे झाली, हे प्रत्येक गुन्ह्यात शोधलेच पाहिजे. आमच्या कृषी संशोधन केंद्राच्या तुरीच्या बियाण्याच्या पिशवीवरही लॉट नंबर असतो आणि तक्रार आली की त्यावरूनच चौकशी होते. काडतुसाची चौकशी त्याहून ढिली कशी चालेल?

माग काढला की फळ मिळते. विचारवंत कलबुर्गी (2015) आणि पत्रकार गौरी लंकेश (2017) यांच्या हत्यांत एकच पिस्तूल वापरल्याचे कर्नाटकच्या तपासात न्यायवैद्यक तपासणीतूनच पुढे आले. नोव्हेंबर 2025 मध्ये पुणे पोलीस चोपडा तालुक्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील उमरटीपर्यंत पोहोचले आणि तिथल्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या, तेही पुण्यात सापडलेल्या पिस्तुलांचा उगम शोधतच.

परवानाधारकांच्या शस्त्रांचा प्रश्नही याच हिशेबातला. निवडणुकीत सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा न करता जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीने निवड करावी, पावती द्यावी आणि निकालानंतर आठवड्याने शस्त्र परत करावे, असे निवडणूक आयोगाने मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2009 मध्येच ठरवून दिले. 2024 मध्ये सहा महिन्यांत लोकसभा व विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. दोन्ही वेळा किती शस्त्रे जमा झाली, किती मुदतीत परत गेली, याचा तक्ता जाहीर व्हायला हवा. पावतीवर शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि शस्त्राची स्थिती लिहिलेली असावी. त्यातच मालकाचे आणि ठाण्यातल्या हवालदाराचेही संरक्षण आहे.

शेजारच्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचे मस्साजोगच्या सरपंचाच्या हत्येनंतर उघड झाले आणि त्यातले शंभराहून अधिक रद्द झाले. परवाना रद्द झाला की शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. कागद रद्द झाला आणि बंदूक घरातच राहिली, तर त्या कारवाईला अर्थ उरत नाही.

अशी माहिती दिल्यास तपासाला बाधा येईल, असा आक्षेप घेतला जाईल. पण आम्ही आरोपींची किंवा परवानाधारकांची नावे मागत नाही. किती शस्त्रे सापडली, किती न्यायवैद्यक तपासणीला गेली, कितींचा उगम कळला, किती मालकांना परत दिली, किती न्यायालयाच्या आदेशाने नष्ट केली, एवढेच आकडे हवेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार जप्तीचे चित्रीकरण आता बंधनकारक आहे, तर कलम 497 नुसार न्यायालयाने मुद्देमालाचे वर्णनपत्र चौदा दिवसांत करून त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा आहे. नोंदी कायद्यानेच होत आहेत. त्यांची बेरीज करून एक पान छापायला नवा कायदा लागत नाही की वेगळा निधी.

जालन्याच्या पोलीस अधीक्षकांनी हा तक्ता ठाणेनिहाय प्रसिद्ध करण्यास सुरुवात करावी, आणि बदनापूर ठाण्याची प्रत तहसील कार्यालयाच्या फलकावर लावावी, ही आग्रहाची विनंती.

– एक वाचक, बदनापूर (जि. जालना)